चाराचं वर्गमूळ दोन

त्यांच्या शर्टाच्या खिशात ओळंबा असे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी वापरतात तोच: टोकाला निमुळतं पितळी वजन आणि वर हातभर दोरा. वजनाने खिसा ओढला जाई, खिशाने शर्ट, आणि शर्टाबरोबर ते स्वतः. आयुष्यभर उभ्या रेषेचा आग्रह धरलेला हा माणूस तंजावरच्या रस्त्यांवरून थोडा डावीकडे कलून चाले.

त्यांचं नाव इथे देत नाही. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतली मराठी घरं त्यांना ओळखतात. इतरांना नावाचा उपयोग नाही. एका खाजगी शाळेत ते नववी-दहावीला गणित शिकवत. शाळेत ते ‘सार’, म्हणजे सर, होते. पाठीमागे ‘रूट राव’. हे नाव त्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार एवढीच होती की कशाचं रूट ते मुलं सांगत नाहीत.

ओळंबा शिकवण्यासाठी होता. दहावीच्या पहिल्याच धड्यात फंक्शन येतं. फंक्शन म्हणजे असा नियम, ज्यात एक आकडा आत घातला की एकच आकडा बाहेर येतो. दोन आले तर ते फंक्शन नाही. हे ओळखायची सोपी रीत अशी की आलेखावरून एक उभी रेषा सरकवत न्यायची. बाकीचे शिक्षक ही रेषा पट्टीने काढत. सार फळ्याच्या वरच्या कडेला दोरा धरत, ओळंबा खाली सोडत आणि डावीकडून उजवीकडे एकेक पाऊल सरकत जात. दोरा वक्राला प्रत्येक जागी एकदाच शिवला तर फंक्शन. कुठेही दोनदा शिवला तर नाही. दोरा हलत असेल तर तो स्थिर होईपर्यंत ते थांबत, आणि त्यांच्याबरोबर चाळीस मुलंही थांबत. पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच फुंकर मारी. सार मागे न बघता म्हणत, “फुंक. मला घाई नाही. तुझी मात्र परीक्षा मार्चमध्ये आहे.”

कुठल्याही प्रश्नाला त्यांचा पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असे: “कोठून कोठे?” नियम सांगण्याआधी तो कुठल्या आकड्यांना लागू आहे आणि उत्तरं कुठे पडणार, हे सांगितलंच पाहिजे, ही त्यांची अट होती. ती त्यांनी गणितापुरती ठेवली नव्हती. त्यांची थोरली बहीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे, त्यांच्याबरोबर राहायची. ते अविवाहित, ती विधवा. सकाळी शाळेला जाताना मी त्यांच्या घरावरून जात असे, तेव्हा हे संवाद रस्त्यापर्यंत ऐकू येत.

“दुपारला काय करू रे?”

“कोठून कोठे?”

“चुलीपासून तुझ्या पोटापर्यंत! सांग बेगीन, तांदूळ धुतलाय.”

ते ‘साधारण’ हा शब्द वापरत नसत. ‘बहुतेक’ही नाही. बस कधी येईल असं कोणी विचारलं तर “माहीत नाही” म्हणत आणि गप्प राहत. त्यांच्या मते ते पूर्ण उत्तर होतं. एकदा पुण्याहून एक गृहस्थ राजवाड्यातलं ग्रंथालय पाहायला आले होते. सारांचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून त्यांना भरून आलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही नेमके कोण? मराठी की तमिळ?”

“जागा सांगा.”

“कसली जागा?”

“स्वयंपाकघरात विचारलंत तर मराठी. भाजीबाजारात विचारलंत तर तमिळ. एका जागेला एकच उत्तर येतं. घोटाळा काही नाही.”

“ते ठीक. पण मनातून?”

“मनात तुम्ही विचारायला येणार कसे?”

इतक्या काटेकोर माणसाने आम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. आम्हालाच नाही, चौदा वर्षं, प्रत्येक दहावीला.

ती अशी. y = √x हे फंक्शन आहे का? सार फळ्यावर आडव्या पडलेल्या वाटीसारखा वक्र काढत, अर्धा आडव्या अक्षाच्या वर, अर्धा खाली. मग विचारत, “चाराचं वर्गमूळ किती?” सगळा वर्ग एका सुरात ओरडे, “प्लस ऑर मायनस टू, सार!” ते चारावर ओळंबा सोडत. दोरा वर दोनाला शिवे, खाली उणे दोनाला. “दोनदा शिवला. म्हणून हे फंक्शन नाही. लिहा.” आम्ही लिहीत असू. शाळेने छापलेल्या गाइडातही हे उत्तर होतं. गाइडावर शाळेचं नाव, आणि गणिताच्या भागाखाली सारांच्या नावाची आद्याक्षरं.

पाठ्यपुस्तकात त्या वक्राचं चित्र होतं आणि त्यात फक्त वरचा अर्धा भाग होता. सारांना वाटलं, छपाईत राहून गेलं. दरवर्षी ते आम्हाला पुस्तकात पेन्सिलने खालचा भाग काढायला लावत. “शाई वाचवलीय त्यांनी,” असं म्हणत. अपुरं चित्र त्यांना सहन होत नसे.

मी शाळा सोडून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले, त्या साली पापनाशमहून रोज सकाळच्या गाडीने येणारी एक मुलगी दहावीत होती. सहामाहीच्या पेपरात तिने त्या प्रश्नाला उत्तर लिहिलं: फंक्शन आहे. सारांनी शून्य दिलं. पेपर परत मिळाले त्या दुपारी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पुढचं संभाषण तमिळमध्ये झालं. ते मला आधी सारांनी आणि पुढे तिने सांगितलं, आणि दोन्हींत फरक नाही.

“सार, एक मार्क.”

“काय म्हणून?”

“√ ही खूण दोन उत्तरं देत असेल, तर सूत्रात आपण तिच्या आधी ± का लिहितो?”

हे सूत्र म्हणजे वर्गसमीकरण सोडवायचं. दहावीतलं प्रत्येक मूल ते झोपेतही म्हणू शकतं. उणे b, मग अधिक-उणे, मग वर्गमूळ. मुलीचा मुद्दा सरळ होता. वर्गमूळाच्या खुणेतच दोन्ही उत्तरं असती तर आधी अधिक-उणे लिहायचं कारण नव्हतं. ते लिहावं लागतं, म्हणजे खूण एकच उत्तर देते: ऋण नसलेलं. वर्ग केल्यावर चार होणारे आकडे दोन आहेत. पण √४ म्हणजे फक्त दोन.

सार म्हणाले, “तुझी गाडी चुकेल. जा.”

ती पेपर तिथेच ठेवून गेली. ते बसून राहिले. तिच्या पेपराच्या मागच्या बाजूला त्यांनी ते सूत्र लिहायला घेतलं. चौदा वर्षांत ते त्यांनी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. उणे b लिहिलं, ± लिहिलं, आणि हात थांबला. मग त्यांनी पाठ्यपुस्तक काढलं, स्वतःची प्रत, आणि पेन्सिलीने पुरं केलेलं ते चित्र पाहिलं. पुस्तकात काही राहून गेलेलं नव्हतं. शिपाई खिडक्या लावत आला तेव्हा त्याने विचारलं, “एन्न सार, घरी नाही जायचं?” सार म्हणाले, “चौदा वर्षं झाली.” शिपायाला वाटलं, नोकरीबद्दल बोलताहेत. त्याने अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मुलीला पुढे बोलावलं, पेपरावर शून्य खोडून एक केला आणि बाजूला सही केली. वर्गाला सांगितलं, “तप्पु माझी आहे.” तप्पु म्हणजे चूक. मागून कोणीतरी म्हणालं, “अर्धीच आहे, सार. वरचा भाग बरोबर होता.” वर्ग हसला. सार हसले नाहीत. “खालचा भाग होता म्हणून उत्तर उलटं आलं. उत्तर अर्धं उलटं येत नाही.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. चूक कळली, सुधारली, मार्क दिला. शाळेत अशा चुका होतात आणि पुढच्या वर्षी त्या गुपचूप होईनाशा होतात.

सारांनी ऑफिसातून चौदा वर्षांचे हजेरीपट मागून घेतले आणि यादी केली.

आमच्याकडे लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवत नाहीत. घरातल्या मोठ्यांनी स्वतः जायचं, दारात नाव घेऊन हाक मारायची, बसायचं, पाणी प्यायचं, कुंकू लावायचं आणि मग पत्रिका हातात द्यायची. पोस्टाने आलेल्या पत्रिकेच्या लग्नाला लोक जात नाहीत. पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवतात. सारांचं म्हणणं असं की शुभवार्ता जर अशी द्यायची, तर चूक पोस्टाने कशी पाठवायची? दूरगावी गेलेल्यांना कार्ड चालतं, तसा रिवाजच आहे. बाकीच्यांकडे जायचं.

शनिवार-रविवारी ते मोपेड काढत. पिशवीत यादी, खोडरबर, पेन्सिल, खिशात ओळंबा. तंजावरच्या गल्ल्या झाल्यावर ते गावांकडे वळले: कालव्याच्या कडेने, भातशेतांमधून, एकेका वळणावर पत्ता विचारत. पिशवी घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला वयस्क माणूस दारात आला की लोक एकच अर्थ काढत. घरातली बाई पाणी आणि कुंकवाची वाटी घेऊन बाहेर येई. “या, या. कोणाचं लग्न?”

“लग्न नाही. √४ = २.”

पापनाशमच्या बाजारात त्यांचा एक जुना विद्यार्थी तांदळाचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकांसमोर सारांनी त्याला सगळं समजावलं, ओळंबा सोडून. तो हात जोडून म्हणाला, “सार, मी पोती मोजतो. उणे पोतं माझ्याकडे कधी आलं नाही. मला हे घेऊन काय करायचंय?”

“तुला काही करायचं नाही. मला करायचंय.”

ते पोत्यावर बसून राहिले. शेवटी त्याने घरून वही मागवली. वही सापडली नाही. सारांनी त्याला बिलाच्या मागे तो आलेख काढायला लावला, नुसता वरचा, आणि यादीत खूण केली.

आमच्याकडे ते एका रविवारी सकाळी आले. माझी वही सापडली, पण ती आता आईची झाली होती. आई दारात घालायच्या कोलमाचे नमुने, म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळ्यांचे, जुन्या वह्यांत उतरवून ठेवते. नेमक्या त्या पानावर तिने तो आडवा वक्र घेऊन चारी बाजूंना तसेच वक्र जोडले होते आणि मधे कमळ भरलं होतं. सारांनी खोडरबर काढलं. आईने वही मागे घेतली.

“खालचं खोडायला हवं, ताई.”

“खालचं खोडलं तर कमळ कशावर राहील?”

“ते चूक आहे.”

“कोलम चूक? तीन मार्गळी मी तो दारात घातलाय. सगळी गल्ली बघून गेली.” मार्गळी म्हणजे मार्गशीर्ष, त्या महिन्यात गल्लीत कोलमांची न बोललेली स्पर्धा असते, आणि आई त्या बाबतीत तडजोड करत नाही.

मी म्हणाले, “सार, राहू द्या. मला कळलंय.”

“तुला कळलंय. पान अजून चुकीचं बोलतंय.”

त्यांनी वही पुन्हा मागितली. पान बराच वेळ पाहिलं. ओळंबा काढून कमळावरून एकदा फिरवला. मग त्यांनी वक्राशेजारी मी लिहिलेलं y = √x खोडलं आणि त्याजागी y² = x लिहिलं. “आता दोन्ही बाजू तुमच्या,” ते आईला म्हणाले. “याला दोन्ही लागतात. हे फंक्शन नाही, आणि तसं म्हणतही नाही.” वक्राला हात लागला नव्हता. आईने त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर तिने विचारलं, “खोडलं काय त्यांनी?” मी म्हणाले, “नाव.” ती म्हणाली, “मग ठीक.”

फेब्रुवारीत शाळेच्या करस्पाँडंटांनी सारांना बोलावलं. आमच्याकडे खाजगी शाळेचा कारभार पाहणाऱ्याला करस्पाँडंट म्हणतात. शाळा त्यांच्या वडिलांनी काढली होती. ही भेट बंद दाराआड झाली. दोघांनी मला नंतर वेगवेगळं सांगितलं. जे जुळत नाही, ते मी वगळलं आहे.

“सार, किती घरं झाली?”

“एकशे बारा.”

“अजून किती?”

“सापडतील तेवढी.”

“लोक मला फोन करतात. विचारतात, आणखी काय काय चुकीचं शिकवलंय तुमच्या शाळेने?”

“चांगला प्रश्न आहे. मीही तेच तपासतोय.”

“गाइड पुढच्या वर्षी बदलून टाकू. गुपचूप. कोणाला कळणारही नाही.”

“ज्यांना चुकीचं कळलंय, त्यांना कळायला नको?”

“जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. तुम्ही दारोदार जाऊन सांगताय की आमच्याकडे चुकीचं शिकवतात. सार, एका मार्काची गोष्ट आहे ही.”

“मग एका मार्कासाठी मला का बोलावलंत?”

करस्पाँडंटांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. हमीपत्र. त्यात एकच वाक्य होतं: येत्या सोमवारपासून मी कोणाही आजी-माजी विद्यार्थ्याच्या घरी वर्गातल्या विषयाबाबत जाणार नाही. खाली सहीची जागा. सारांची नोकरी दरवर्षी मे महिन्यात मिळणाऱ्या नेमणुकीच्या पत्रावर चाले. सोमवारी सही आली तर पत्र मिळेल. नाहीतर नाही. ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्या वयाच्या गणिताच्या मास्तराला दुसरी शाळा घेत नाही, आणि भावाबहिणीचं घर त्या पगारावर चालत होतं.

अक्काला त्यांनी कागद वाचून दाखवला. गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं, ती सही करायला लावील. आमची आई मुद्दाम चौकशीला गेली होती. अक्का तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “नोकरी गेली तर कांजी पिऊ. पण यादी अर्धी टाकून आलास तर ती कांजी पण मिळायची नाही तुजला. लोकांच्या पोरांना चौदा वर्षं उभं केलंस त्या दोऱ्यापुढे.”

सार म्हणाले, “यादी अर्धी नाही. साधारण...” आणि थांबले. आईने हे शपथेवर सांगितलं आहे. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकल्याचं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

त्या आठवड्याच्या रविवारी ते आणखी एका घरी गेले. करस्पाँडंटांची मुलगी माझ्याच वर्गात होती. आता दुसऱ्या गावी डॉक्टरकी शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिचं नाव यादीत होतं. पुढचं तिने सांगितलं आहे आणि तिच्या आईने त्याला दुजोरा दिला आहे.

दार तिच्या आईने उघडलं. पिशवी पाहिली आणि सवयीने कुंकवाची वाटी आणायला वळली. “या सार. अखेर तुमचंच की काय?”

“नाही. मुलगी घरी आहे?”

तेवढ्यात करस्पाँडंट बाहेर आले. बनियन, लुंगीसारखी नेसलेली वेष्टी, हातात वर्तमानपत्र. “मी तुम्हाला काय लिहून मागितलं होतं?”

“विद्यार्थ्यांच्या घरी जायचं नाही.”

“मग?”

“सोमवारपासून, असं कागदावर आहे. आज रविवार.”

“माझ्या घरात येऊन तुम्ही मला...”

“तुमच्या घरात नाही. तिच्या. तिचं नाव गाळलं तर तुमच्या घराला एक नियम आणि तांदूळवाल्याला दुसरा, असं होईल. मला तसं करता येत नाही.”

मुलगी आतून सगळं ऐकत होती. ती माळ्यावर चढली. दहावीची वही धुळीसकट घेऊन खाली आली आणि जेवणाच्या टेबलावर पान उघडलं. सारांनी तिला ± ची गोष्ट सांगितली, पापनाशमच्या मुलीचं श्रेय देऊन. ते प्रत्येक घरात ते देत. मग खोडरबर पुढे केलं. बाकी घरांत ते स्वतः खोडत. तिने ते त्यांच्या हातून घेतलं आणि खालचा भाग स्वतः खोडला, सावकाश, कागद न फाडता. सारांनी चारावर ओळंबा सोडला. वर पंखा चालू होता. दोरा हलत राहिला. करस्पाँडंटांच्या बायकोने उठून पंखा बंद केला.

“किती वेळा शिवला?”

“एकदा, सार.”

“म्हणजे?”

“फंक्शन आहे.” मग ती वडिलांकडे वळली. “अप्पा, आपल्या गाइडात पण खालचा भाग आहे ना?”

करस्पाँडंट वर्तमानपत्राची घडी घालत होते. ती त्यांनी दोनदा घातली. सारांनी यादीत खूण केली, कॉफी संपवली, टंबलर स्वतः आत नेऊन ठेवला आणि गेले.

सोमवारी सकाळी हमीपत्र ऑफिसात पोचलं. टाइप केलेलं वाक्य एका सरळ रेषेने खोडलेलं होतं. त्याखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: √४ = २. आणि सही, पूर्ण नावाने, तारखेसह.

मे महिन्यात पत्र आलं नाही. जूनपासून सार घराच्या पुढच्या ओट्यावर शिकवायला बसले. छपराच्या वाशाला त्यांनी ओळंबा कायमचा टांगला, त्यामुळे ते पहिल्यांदाच सरळ उभे असलेले दिसले. अक्का म्हणाली, “आता ओळखू येत नाहीस.” शनिवार-रविवारी ओटा बंद असे आणि मोपेड बाहेर असे. यादीतली जी मुलं चेन्नईत, सिंगापुरात, आखातात होती, त्यांना कार्डं गेली. मी पुढे वर्तमानपत्रातल्या नोकरीसाठी बाहेर पडल्यावर मलाही एक आलं, माझी दुरुस्ती आधीच झाली होती तरी. मराठी, पण तमिळ लिपीत, आमच्या बहुतेक घरांत लिहितात तसं: “तुझ्या वहीत नाव बदललं, वक्र नाही. याची वेगळी नोंद ठेवली आहे.”

पुढच्या वर्षीच्या गाइडात उत्तर बदललेलं होतं. वक्र वरचा, फंक्शन आहे, कारण बरोबर. कुठेही एक ओळ नव्हती की आधी चुकलं होतं. सारांनी ती प्रत विकत घेतली, वाचली आणि ठेवून दिली. मी नोकरीला लागल्यावर एकदा मला फोनवर म्हणाले, “गाइडात दुरुस्ती केलीय. चुकलो म्हणाले नाहीत.” मग विचारलं, “तुमच्या पेपरात पहिल्या पानावर चूक छापली, तर दुरुस्ती कोठे छापता?”

मी म्हणाले, आतल्या पानावर. तळाला. चार ओळी.

“कोठून कोठे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. यादी अक्काकडे आहे. बहुतेक नावांपुढे खूण आहे. जिथे नाही तिथे कारण लिहिलं आहे: पत्ता नाही, मयत, दार उघडलं नाही. दार न उघडणाऱ्यांपुढे तारखा आहेत, प्रत्येकी तीन. पापनाशमची मुलगी आता स्वतः गणित शिकवते. कुठे, ते लिहू नको असं तिने सांगितलं आहे.

हा मजकूर लिहिण्याआधी मी शाळेच्या ऑफिसात जाऊन त्या कागदाची चौकशी केली. तो आहे. कारकुनाने सारांची फाइल काढून दाखवली. कागदावर सही होती आणि वर ‘हमीपत्र’ असं छापलेलं होतं, म्हणून त्याने तो त्या वर्षी आलेल्या हमीपत्रांतच लावला होता, क्रमांक टाकून. मी विचारलं, यात हमी कुठे आहे? त्याने कागद वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला आणि निळ्या शाईवर बोट ठेवलं.

“ही काय. मोडली का त्यांनी कधी?”

मी म्हणाले, नाही. त्याने फाइल बांधली आणि परत जागेवर ठेवली.